संगणक मध्येच बंद पडून पुन्हा चालू का होतो?

मंडळी, हल्ली गावातली पुष्कळ कामे संगणकावर होतात. त्यालाच आपण कॉम्प्युटर म्हणतो. सातबारा पाहिजे, संगणकापाशी जा. पीक विम्याचा अर्ज भरायचा, संगणकापाशी जा. पोराचा जातीचा दाखला, म्हातारीची पेन्शन, डेअरीचा हिशेब, बचत गटाचे खाते, सगळे त्या एका पेटीत.

हा संगणक कधी कधी एक खोड काढतो. काम अर्ध्यावर आलेले असते. अर्जाचे तीन रकाने भरून झालेले असतात. आणि पडदा एकदम काळा होतो. क्षणभराने पेटीतला पंखा घुरघुरतो, पडद्यावर कंपनीची खूण येते, आणि संगणक पहिल्यापासून सुरू होतो. भरलेला अर्ज गेला. रांगेतली माणसे ताटकळली. समजा, अर्जाची शेवटची तारीख आजचीच आहे. मग? वर्षाच्या भाताचा प्रश्न येतो. ही काही चेष्टेची गोष्ट नव्हे.

अशा वेळी चार माणसे चार गोष्टी बोलतात. एक म्हणतो, "व्हायरस शिरला." दुसरा म्हणतो, "पेटी जुनी झाली, नवी घ्या." तिसरा पेटीवर थाप मारतो. एखादी आजी हळूच विचारते, "गुरुजी, ह्याला कुणाची नजर तर नाही ना लागली?"

नाही आजी, नजर नाही अन् बाधा नाही. यंत्र कारणाशिवाय काही करीत नाही. कारण सापडले की उपाय सापडतो. पुष्कळदा तो उपाय नव्या पेटीपेक्षा फार स्वस्त असतो. कारण शोधायला पहिले हत्यार कोणते लागते? वही आणि पेन्सिल. ती दोन्ही आता तुमच्यापाशी आहेत.

१. पाटी आणि वही

आधी एक गोष्ट समजून घेऊ. पडदा काळा झाला की भरलेला अर्ज जातो कुठे?

शाळेत मुलाजवळ पाटी असते आणि वही असते. गणित तो पाटीवर करतो. उत्तर आले की वहीत उतरवतो. पाटी पुसली तर वहीतले जात नाही. पण वहीत उतरवलेच नसेल, तर पुसलेले परत येत नाही.

संगणकातही अशा दोन जागा आहेत. एकीला रॅम म्हणतात. ती पाटी. दुसरीला हार्ड डिस्क म्हणतात. ती वही. तुम्ही काही लिहिता ते आधी पाटीवर येते. ही पाटी विजेवर जगते. वीज तुटली की पाटी कोरी. हार्ड डिस्कवर उतरवलेले मात्र वीज गेली तरी राहते.

पाटीवरचे वहीत उतरवणे म्हणजे 'सेव्ह' करणे. लिहिण्याच्या कामात 'कंट्रोल' आणि 'एस' ह्या दोन कळा एकदम दाबल्या की सेव्ह होते. सरकारी अर्जात त्यासाठी वेगळे बटण असते. दर पाच मिनिटांनी ते दाबावे. अर्जाचा क्रमांक मिळताच कागदावर लिहून घ्यावा. एवढी सवय लागली, तरी निम्मे नुकसान टळते. बिघाड राहील, पण काम जाणार नाही.

२. वीज आणि तिचा दाब

आता कारणांकडे वळू. सगळ्यांत आधी विजेचा विचार करावा.

वीज आपल्या मावळाला नवी नाही. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथले तलाव टाटांनी वीज तयार करण्यासाठीच बांधले. तिथले पाणी जाड नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडले. हे पाणी दीड हजार फुटांहून अधिक खाली कोसळते आणि यंत्राची चाके फिरवते. १९१५ साली खोपोलीची वीज सुरू झाली. ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. आपल्याच डोंगरावरच्या पावसाने मुंबईचे माग फिरले.

ह्या नळाचीच उपमा घेऊ. नळात पाण्याला जोर असतो. तसा तारेत विजेला दाब असतो. त्याला व्होल्टेज म्हणतात. आपल्या घरातल्या विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असावा लागतो. पण वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत तार लांब जाते. डीपीवर भार वाढतो. कुणी विहिरीवरची मोटर चालू करतो, कुणी पिठाची गिरणी. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाचसहा पट वीज ओढते. त्या क्षणी सगळ्या वाडीचा दाब पडतो. दिवा मिणमिणतो आणि पुन्हा उजळतो.

दिव्याला त्याचे काही वाटत नाही. संगणकाला मात्र वाटते. संगणकाच्या पेटीत मागच्या बाजूला एक डबा असतो. त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज घेऊन ती संगणकाला सोसेल अशी करणे हे त्याचे काम. त्या डब्यात विजेचा अगदी थोडा साठा असतो. हा साठा सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाइतकाच पुरतो. वीज त्याहून जास्त वेळ अडखळली की साठा संपतो.

पण वीज आली की संगणक आपोआप पुन्हा का सुरू होतो? त्याचेही कारण आहे. हा डबा संगणकाच्या मुख्य पाटाला, म्हणजे मदरबोर्डाला, सारखा इशारा देत असतो, "वीज ठीक आहे, वीज ठीक आहे." इशारा तुटला की मदरबोर्ड काम तिथेच टाकतो. कमी विजेवर काम केले तर चुका होतील, म्हणून. इशारा परत आला की तो पहिल्यापासून सुरुवात करतो. खळ्यातला गडी मुकादमाची शिट्टी ऐकून थांबतो आणि शिट्टी ऐकून सुरू करतो, तसेच हे.

वीज अडखळली तरी संगणक चालावा, म्हणून यूपीएस असते. ही बॅटरीची छोटी पेटी. वीज गेली की ती पाच-दहा मिनिटे सांभाळते. तेवढ्यात काम सेव्ह करून संगणक नीट बंद करायचा. पण यूपीएसमधली बॅटरी कायमची नसते. दोन-तीन वर्षांत ती थकते. वरचा हिरवा दिवा लागलेला असतो, आणि आत जीव नसतो. दिवा बघून फसू नका.

यूपीएसची परीक्षा सोपी आहे. सगळे काम सेव्ह करा. भिंतीवरचे यूपीएसचे बटण बंद करा. यूपीएस टूं टूं करील. संगणक चालू राहिला, तर बॅटरी ठीक. लगेच बंद पडला, तर बॅटरी गेली. ती बदला. सगळी पेटी बदलायची गरज नाही.

भिंतीतला प्लग सैल आहे का, तेही पाहा. तिसऱ्या पिनला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. पेटीच्या मागची केबल कोरड्या हाताने आत दाबून बसवा. पुष्कळदा सगळा तमाशा त्या एका सैल केबलीचा असतो.

३. वहीत काय लिहावे?

संगणक आपोआप बंद-चालू झाला की घाबरू नका, आणि रागही काढू नका. वही घ्या आणि पाच गोष्टी लिहा.

वार, तारीख आणि वेळ.
त्या वेळी संगणकावर कोणते काम चालले होते.
दिवे मिणमिणले का, पंखा मंदावला का.
चालू केल्यापासून किती वेळाने बंद पडला.
पडद्यावर काही अक्षरे आली का. आली असतील तर जशीच्या तशी उतरवा, किंवा मोबाइलवर फोटो काढा.

हे लिहून काय होते? तेच आता पाहू.

समजा, नाणे मावळातले एक गाव आहे. तिथल्या सेवा केंद्रातला संगणक असा त्रास देतो. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी वही ठेवली. वहीत असे लिहिले:

सोमवार, सकाळी ११-१०. सातबारा छापायला घेतला तेव्हा. दिवे ठीक.
मंगळवार, दुपारी १२-४०. दाखला छापताना. दिवे ठीक.
बुधवार. दिवसभर एकदाही नाही. प्रिंटरचे कागद संपले होते, छपाई बंद.
गुरुवार, सकाळी १०-३०. आठ-अचा उतारा छापताना. दिवे ठीक.

आता तुम्हीच सांगा, चोर कोण? सांगायला इंजिनियर कशाला पाहिजे? छपाई झाली त्या दिवशी संगणक पडला. छपाई नव्हती त्या दिवशी पडला नाही. बुधवारी काहीच घडले नाही, पण ती नोंद सगळ्यांत मोलाची. घडले नाही तेही लिहावे, ते असे.

ताईंनी मागे वाकून तारा पाहिल्या. प्रिंटरची तार यूपीएसमध्येच खोचलेली होती. प्रिंटर लेझरचा. हा प्रिंटर शाईची पूड तापवून कागदावर बसवतो. तापवायला एकदम पुष्कळ वीज ओढतो. लहान यूपीएसला तो भार झेपत नाही. यूपीएस मान टाकते, आणि तिच्याबरोबर संगणकही पडतो. ताईंनी प्रिंटरची तार काढून भिंतीतल्या वेगळ्या प्लगात लावली. शुक्रवारी दिवसभर छपाई झाली. संगणक एकदाही पडला नाही. खर्च किती झाला? काहीच नाही.

पण शनिवारी पुन्हा नोंद झाली: संध्याकाळी ६-१५. छपाई नव्हती. दिवे मिणमिणले. शेजारची गिरणी तेव्हाच सुरू झाली.

म्हणजे आधीचा उपाय चुकला का? नाही. पहिले कारण गेले, दुसरे उरले होते. शेतात रान दोन प्रकारचे असते. एक उपटले म्हणून दुसरे जात नाही. ताईंनी यूपीएसची परीक्षा घेतली. भिंतीचे बटण बंद करताच संगणक बंद पडला. बॅटरी संपलेली होती. नवी बॅटरी आली आणि त्रास थांबला.

ह्यात एक मोठा नियम आहे. एका वेळी एकच बदल करावा, आणि मग वाट पाहावी. चार बदल एकदम केले, तर गुण कोणत्या औषधाचा ते कळत नाही.

४. ताप आणि धूळ

आता दुसरे कारण. वहीत समजा असे दिसले: संगणक चालू केला की अर्धा तास चांगला चालतो, मग पडतो. पुन्हा चालू केला की दहाच मिनिटांत पडतो. पुन्हा चालू केला की पाच मिनिटांत. मात्र तासभर बंद ठेवला, की पुन्हा अर्धा तास चालतो.

हे लक्षण तापाचे. संगणकाचा मेंदू म्हणजे नखाएवढी चकती. तिला प्रोसेसर म्हणतात. काम करताना ती फार तापते. म्हणून तिच्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा बसवलेला असतो, आणि ठोकळ्यावर पंखा. चकती आणि ठोकळा ह्यांच्यामध्ये एक मलम लावतात. त्यामुळे चकतीची ऊब ठोकळ्यात उतरते आणि पंखा ती उडवून लावतो.

पट्ट्यांत धूळ भरली, पंखा अडला किंवा मलम वाळले, की ऊब बाहेर पडत नाही. मग चकती आधी आपले काम मंद करते. तरीही भागले नाही, तर जळू नये म्हणून संगणक स्वतःच काम थांबवतो. म्हणजे तो तुमचे वाईट करीत नाही. स्वतःचा जीव वाचवतो.

कामशेत किंवा वडगावच्या बाजारात रस्त्याकडेच्या दुकानात पेटी असेल, तर धूळ लवकर भरते. पिठाच्या गिरणीशेजारी तर विचारूच नका. उपाय असा. संगणक बंद करा. भिंतीचे बटण बंद करा. केबल उपसा. पेटी अंगणात न्या. बाजूचे झाकण काढा. मऊ कुंचल्याने धूळ झाडा, किंवा ब्लोअरने उडवा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, ते गरगरा फिरू देऊ नका. ओले फडके आत घालू नका. पेटी पुन्हा ठेवताना भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. चालू संगणकावर कापडी खोळ घालू नका. खोळ रात्री घालावी, दिवसा काढावी.

लॅपटॉप असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा. त्याच्या पोटात बॅटरी असते. ती चांगली असेल, तर वीज अडखळली तरी त्याला काही होत नाही. म्हणून लॅपटॉप पडू लागला, तर आधी तापाचा संशय घ्या. तो गोधडीवर किंवा मांडीवर ठेवून वापरू नका. खालची भोके बंद होतात.

५. मावळातला पावसाळा

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. लोणावळा समुद्रापासून दोन हजार फूट उंच, घाटाच्या अगदी तोंडाशी. वर्षाकाठी तिथे चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आवणीच्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरते, भिंतीला ओल येते. ती ओल संगणकातही शिरते. धूळ आणि ओल एकत्र आली की तिचा थर होतो. ह्या थरातून वीज नको तिकडे वाट काढते. जोडांना मळ धरतो.

त्यासाठी पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावा. त्याच्या स्वतःच्या उबेने आतली ओल निघते. टेबल ओल्या भिंतीला लावू नये. पेटी जमिनीवर ठेवू नये. पत्रा गळत असेल, तर आधी पत्रा दुरुस्त करावा, मग संगणक.

वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले, की काम सेव्ह करून संगणक बंद करा, आणि प्लग भिंतीतून उपसून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची तारही काढा. वीज त्या तारेनेही येते. पण ढग अगदी डोक्यावर आले असतील, तर तारांना हात लावायला जाऊ नका. संगणक गेला तर दुसरा येईल.

मुंग्या, पाली आणि उंदीर ह्यांनाही पेटीतली ऊब आवडते. मागची मोकळी फट पट्टीने बंद ठेवा. टेबलावर खाऊ नका. चिक्कीचा एक तुकडा सांडला, की मुंग्यांना वाट दाखवायला नको.

६. पेटीच्या आतले दुखणे

वीज ठीक, यूपीएस ठीक, धूळ काढली, तरी संगणक पडतोच. मग आतले भाग तपासावे लागतात. हे काम जाणत्या कारागिराचे. पण तो काय करतो ते आपल्याला ठाऊक असावे.

एक, तो रॅमची पट्टी काढतो. पट्टीच्या कडेला सोनेरी दाते असतात. त्यांवर मळ धरला, की पाटीवरची अक्षरे पुसट होतात आणि संगणक गोंधळतो. कारागीर साध्या पांढऱ्या खोडरबराने ते दाते हलकेच पुसतो, कीस झाडतो, आणि पट्टी टक् आवाज होईपर्यंत दाबून बसवतो. पाच मिनिटांचे काम. विंडोजमध्ये रॅम तपासण्याची सोयही आहे. तिला 'मेमरी डायग्नोस्टिक' म्हणतात.

दोन, तो मदरबोर्डावरचे छोटे नळकांडे पाहतो. त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांची डोकी सपाट असावी लागतात. डोके फुगले किंवा त्यातून चिकट पाणी आले, तर ते गेले.

तीन, तो एसएमपीएस काढून दुसरा चांगला लावून बघतो. संगणक पडायचा थांबला, तर दोष त्या डब्यात होता.

इथे एक कडक सूचना. एसएमपीएसचा डबा कुणीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात वीज साठून राहते. ती जिवावर बेतू शकते. तो डबा दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो.

७. पडदा काही सांगतो का?

आतापर्यंत यंत्राच्या शरीराचे झाले. आता मनाचे पाहू. संगणक ज्या आज्ञांवर चालतो, त्यांतही दोष येतो.

संगणक तीन तऱ्हांनी बंद-चालू होतो. पहिली तऱ्हा, दिवा फुंकावा तसा पडदा एकदम काळा. हे बहुधा विजेचे किंवा तापाचे. दुसरी तऱ्हा, आधी सूचना येते की नव्या सुधारणा बसवायच्या आहेत, आणि मग संगणक बंद-चालू होतो. ह्याला अपडेट म्हणतात. हा बिघाड नव्हे. सेटिंगमध्ये आपल्या कामाचे तास भरून ठेवावेत, म्हणजे संगणक अपडेटसाठी ऐन कामात बंद-चालू होत नाही. तिसरी तऱ्हा, पडदा निळा होतो, नव्या संगणकांत काळा, आणि त्यावर इंग्रजी अक्षरे येतात. हे रॅमचे दुखणे असेल, किंवा आज्ञांतला घोटाळा.

तिसऱ्या तऱ्हेत अडचण अशी की अक्षरे वाचण्याआधीच संगणक पुन्हा सुरू होतो. म्हणून जाणत्या मुलाला सांगा, "बाळा, सिस्टिमच्या 'अॅडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघड. तिथल्या 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढ." मग अक्षरे पडद्यावर थांबतात. ती वहीत उतरवा.

संगणक स्वतःचीही एक वही ठेवतो. तिचे नाव 'इव्हेंट व्ह्यूअर'. तीत 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद असेल, तर अर्थ एवढाच की संगणक नीट बंद न होता मध्येच पडला. का पडला ते ती नोंद सांगत नाही. '१०७४' अशी नोंद असेल, तर कुणीतरी किंवा कोणत्यातरी प्रोग्रामने तो रीतसर बंद केला. कुणी, तेही तिथे लिहिलेले असते. तुमची वही आणि संगणकाची वही शेजारी ठेवा. वेळा जुळवा. पुष्कळ उलगडा होतो.

आता व्हायरसचे. प्रत्येक वेळी व्हायरसलाच दोष देऊ नये, पण तो खोटाही नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये 'ब्लास्टर' नावाचा एक किडा जगभर पसरला. तो इंटरनेटवरून शिरे. पडद्यावर सूचना येई की साठ सेकंदांत संगणक बंद होणार. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न, आणि संगणक बंद-चालू. खरे म्हणजे त्यावरची सुधारणा मायक्रोसॉफ्ट कंपनीने महिनाभर आधी, जुलैमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली ते वाचले.

पण दुसरी बाजूही ऐका. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' नावाच्या कंपनीने आपल्या राखणदार प्रोग्रामची एक सुधारणा पाठवली. तीत चूक होती. जगातले सुमारे ८५ लाख संगणक पडले. कित्येक तर पडायचे, उठायचे, पुन्हा पडायचे. विमाने अडकली. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहून पास द्यावे लागले. शेवटी अनेक ठिकाणी माणसाने एकेका संगणकापाशी बसून ती चुकीची फाइल काढली.

ह्यावरून काय घ्यावे? सुधारणा बसवाव्यात. न बसवण्यात धोका जास्त. पण महत्त्वाच्या कागदाची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक कागदावर नेहमी ठेवावी. त्या दिवशी विमानतळावर कामाला आला तो पेनच.

८. चंद्राजवळचा संगणक

बंद-चालू होणे नेहमीच वाईट असते का? एक खरी गोष्ट सांगतो.

२० जुलै १९६९. अमेरिकेची दोन माणसे यानातून चंद्रावर उतरत होती. यानात एक लहानसा संगणक होता. उतरता उतरता तो ओरडू लागला. एका रडारकडून त्याला नको ते इशारे येत होते, आणि कामाचा भार फार झाला होता. त्या थोड्या मिनिटांत संगणक अनेकदा आपोआप पहिल्यापासून सुरू झाला.

तरीही यान सुखरूप उतरले. कसे? करणाऱ्यांनी आधीच विचार केला होता. भार फार झाला, तर बिनमहत्त्वाची कामे टाकायची आणि यान सांभाळण्याचे काम तेवढे धरायचे, अशी योजना होती. महत्त्वाच्या कामाची नोंद वेळोवेळी जपून ठेवली जात होती. म्हणून संगणक प्रत्येक वेळी काम सोडले तिथूनच पुढे धरी.

म्हणजे मंडळी, पडणे हे संकट नव्हे. नोंद न ठेवता पडणे हे संकट. संगणकाच्या बाबतीत हे खरे, आणि संसाराच्या हिशेबातही खरे.

९. कारागिराकडे जाताना

पेटी घेऊन तळेगावला किंवा लोणावळ्याला जाल, तेव्हा वही बरोबर न्या. "काका, बिघडलाय, बघा" एवढेच म्हणालात, तर तो अंधारात चाचपडेल, आणि त्याचा खर्च तुम्ही द्याल. "छपाई करताना पडतो, दिवे ठीक असतात, यूपीएस तपासली आहे" असे म्हणालात, तर तो सावधपणे बोलेल. जाणत्या गिऱ्हाइकाला कुणी उगीच फसवीत नाही.

पेटी देण्याआधी आपले सगळे काम पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. कारागीर 'फॉरमॅट मारतो' म्हणाला, तर थांबवा. फॉरमॅट म्हणजे सगळी वही कोरी करणे. बचत गटाचे पाच वर्षांचे हिशेब त्यात जातील. आधी प्रत, मग फॉरमॅट. काढलेला जुना भाग परत मागा. बिल मागा आणि वाचून पाहा. तुम्हाला आता वाचता येते.

घरी आलात की आठ दिवस वही चालू ठेवा. आठ दिवस नोंद कोरी राहिली, तर दुखणे गेले असे समजावे.

ध्यानात ठेवा

काम वरचेवर सेव्ह करा.
अर्ज शेवटच्या दिवसावर टाकू नका.
संगणक पडला की वेळ आणि काम वहीत लिहा.
आधी वीज पाहा, मग ताप, मग आतले भाग.
लेझर प्रिंटर यूपीएसमध्ये लावू नका.
एका वेळी एकच बदल करा.
ओल्या हाताने तार धरू नका. एसएमपीएस उघडू नका.
फॉरमॅटआधी प्रत काढा.

सांगा पाहू

१. रॅमला पाटी का म्हटले आहे?
२. बुधवारच्या नोंदीवरून ताईंना काय कळले?
३. यूपीएसची बॅटरी चांगली आहे की नाही, हे कसे ओळखाल?
४. तासभर थांबल्यावर संगणक पुन्हा चांगला चालतो. कशाचा संशय घ्याल?
५. तुमच्या गावच्या सेवा केंद्रात प्रिंटरची तार कुठे लावली आहे? पाहून या आणि वहीत लिहा.